श्वास रोखायचा नाही!

दोस्तांनो, पाण्यात उडी मारण्याआधी तुम्ही काय करता? छातीभर हवा भरून घेता, नाक चिमटीत धरता आणि श्वास रोखता. हो ना? मीही तेच करत आलो. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी, मळ्यातल्या विहिरीत मी पोहायला शिकलो. पाठीला वाळलेला भोपळा बांधलेला, काठावर माझे वडील, म्हणजे आमचे अप्पा, धोतराचा काचा मारून उभे आणि त्यांचा एकच हुकूम, "श्वास धर आन् मार उडी!" काही दिवसांनी भोपळा सुटला. मग सूर मारता येऊ लागला. आणि एके दिवशी बुडी मारून विहिरीच्या तळाची मूठभर माती वर आणली, तेव्हा कुठे अप्पांनी पाठीवर थाप मारली. त्या दिवशी गावच्या पोरांत माझी कॉलर काय ताठ होती म्हणून सांगू!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे पुढे तीस वर्षांनी, परक्या देशातल्या एका पोहण्याच्या तलावाच्या काठावर, एका माणसाने मला पाण्यातला पहिला नियम सांगितला तो असा: "काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही!"

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो.

कासव कुठे गेलं?

तेव्हा आम्ही मस्कतला राहत होतो. मस्कत म्हणजे ओमान देशाची राजधानी. मुंबईहून विमानाने जेमतेम अडीच-तीन तासांचं अंतर. आपल्या कोकणचा अरबी समुद्र वायव्येला जात जात ओमानच्या आखाताला मिळतो, त्या आखाताच्या काठावर हे शहर वसलेलं आहे. पण कोकणासारखी माडांची हिरवी रांग इथे शोधू नका. इथे डोंगर आहेत ते उघडेबोडके, तपकिरी, भाजलेल्या विटेसारखे. ते थेट समुद्रात उतरतात. वर गवताची काडी दिसत नाही आणि खाली मात्र निळंशार पाणी!

मी तिथे एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होतो. आमची चिऊ भारतीय शाळेत आठवीत होती. एका शुक्रवारी आम्ही नावेने फिरायला गेलो होतो. (तिकडे शुक्रवार-शनिवारी सुट्टी असते, बरं का!) चिऊ तोंडाला नळी आणि डोळ्यांना मास्क लावून पाण्यावर पालथी तरंगत होती. एवढ्यात तिच्या खालून एक मोठं कासव गेलं. संथपणे पाय हलवत ते खाली, आणखी खाली गेलं आणि निळ्या अंधारात दिसेनासं झालं.

चिऊ नावेत चढली ती एकच प्रश्न घेऊन. "बाबा, ते कुठे गेलं? आपल्याला तिथे जाता येईल?"

येतं. त्यासाठी स्कूबा डायव्हिंग शिकावं लागतं. 'स्कूबा' हा शब्द पाच इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडून झालेला आहे आणि त्याचा अर्थ साधारण असा: पाण्याखाली श्वास घेण्यासाठी आपल्याबरोबर नेता येणारं यंत्र. १९४३ साली फ्रान्समध्ये नौदलातले अधिकारी झाक कूस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां या दोघांनी आज वापरतात तशा यंत्राचं पहिलं यशस्वी रूप तयार केलं. त्याआधीच्या बऱ्याच पाणबुड्यांना नावेवरून नळीने हवा पुरवावी लागे. कूस्तो-गान्यांच्या यंत्राने ती नळी तोडली आणि माणूस पाण्याखाली मोकळा झाला.

पण हे यंत्र कुणीही पाठीला बांधावं आणि उडी मारावी असं चालत नाही. गाडी चालवायला जसं लायसन्स, तसं इथेही प्रमाणपत्र लागतं. अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था आहेत. त्यांतली पॅडी ही १९६६ साली अमेरिकेत सुरू झाली. तिचं कार्ड जगभर चालतं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांनाही हा अभ्यासक्रम करता येतो. पण लहानांसाठी अट अशी, की त्यांच्याबरोबर कार्ड असलेला मोठा माणूस पाण्यात हवा.

"म्हणजे बाबा, तुम्हालाही शिकावं लागणार!" चिऊ म्हणाली.

मी मनातल्या मनात हसलो. विहिरीच्या तळाची माती आणणाऱ्याला हे काय अवघड?

आमचे वस्ताद

आमचे शिक्षक ओमानी होते. पन्नाशीचे, सडसडीत, उन्हाने रापलेले. मस्कतमधल्या बऱ्याच लोकांना हिंदी येतं, तसं त्यांनाही येत होतं. अरबीत शिक्षकाला 'उस्ताद' म्हणतात. आपल्या तालमीतला 'वस्ताद' त्याच शब्दाचा भाऊ. म्हणून आम्ही घरी त्यांना वस्तादच म्हणायचो.

वस्तादांनी आधी एक फॉर्म पुढे केला. दमा आहे का? कानाचं ऑपरेशन झालंय का? सर्दी वारंवार होते का? एका जरी प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तरी आधी डॉक्टरांना दाखवायचं. "इथे खोटं लिहू नका," ते म्हणाले. "मला फसवता येईल. पाण्याला फसवता येणार नाही."

नंतर पोहण्याची परीक्षा. २०० मीटर न थांबता पोहायचं. कितीही वेळ लागो, घाई नाही. मग दहा मिनिटं नुसतं पाण्यावर राहायचं. विहिरीच्या कृपेने मी पास झालो. चिऊसुद्धा.

त्यानंतर पुस्तक आलं आणि माझी खरी पंचाईत झाली. रात्री जेवणं झाली की टेबलाच्या एका बाजूला चिऊ आणि दुसऱ्या बाजूला मी, असे अभ्यासाला बसायचो. चिऊची आई दोघांची प्रश्नोत्तरं घ्यायची. शेवटी ५० प्रश्नांची लेखी परीक्षा झाली. पास व्हायला ७५ टक्के हवेत. चिऊला ९४ पडले आणि मला? जाऊ द्या. पास झालो एवढं पुरे!

हवेचा हिशेब

पण त्या पुस्तकातली एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. श्वास का रोखायचा नाही, याचं उत्तर त्यात आहे.

आपल्या डोक्यावर हवेचा केवढा तरी थर आहे. त्याचं वजन आपण सतत पेलत असतो. त्याला एक वातावरण दाब म्हणतात. पाणी हवेपेक्षा फारच जड. त्यामुळे समुद्रात फक्त १० मीटर खाली गेलं, की आणखी एका वातावरणाचा दाब पडतो. म्हणजे दाब दुप्पट! २० मीटरवर तिप्पट.

आता एक फुगा घ्या. तो जमिनीवर फुगवून १० मीटर खाली नेला, तर दबून निम्मा होतो. वर आणला, की पुन्हा पहिल्याएवढा. अप्पांच्या विहिरीत माझ्या छातीचं हेच होत होतं. वरची हवा भरून मी खाली जायचो, छातीतली हवा थोडी दबायची, वर आलो की पूर्ववत. म्हणून तिथे श्वास रोखणं चालायचं.

पण स्कूबाची गोष्ट उलटी आहे. तिथे आपण १० मीटर खाली असतानाच टाकीतली हवा घेतो. यंत्र ती बाहेरच्या दाबाइतक्या दाबाने देतं, नाहीतर छाती फुगणारच नाही. म्हणजे फुगा खालीच पूर्ण भरला! तो तोंड बांधून वर आणला, तर हवा दुप्पट जागा मागणार आणि फुगा फुटणार. आपली फुप्फुसं म्हणजे तोच फुगा. म्हणून सतत श्वास घ्यायचा, सोडायचा. तोंड बांधायचंच नाही.

आणखी एक गंमत. पाणबुड्याच्या पाठीवर 'ऑक्सिजनचा सिलिंडर' असतो असं आपण म्हणतो. ते चूक आहे! त्यात असते साधी, स्वच्छ हवा. फक्त खूप दाबून भरलेली. १२ लिटरच्या टाकीत २०० पट दाबाने हवा भरली, तर ती साधारण २४०० लिटर होते. म्हणजे घरातली दोन-अडीच लोखंडी कपाटं भरतील एवढी हवा एका टाकीत! पण जितकं खोल जाल, तितकी ती लवकर संपते. १० मीटरवर प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते. आणि जो घाबरून धापा टाकतो, त्याची टाकी सगळ्यांत आधी रिकामी होते.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझ्यावर तीच वेळ आली.

अंगठ्याची फजिती

तलावात पहिल्या दिवशी वेट-सूट चढवतानाच माझा घाम निघाला. रबरासारख्या कापडाचा तो घट्ट पोशाख, एक पाय घातला तर दुसरा अडकतो! वर कमरेला शिशाची वजनं, अंगात हवा भरता येईल असं जाकीट, पाठीवर टाकी. जमिनीवर मी कासवासारखाच चालत होतो.

पाण्याखाली गेलो आणि तोंडातल्या यंत्रातून पहिला श्वास घेतला. सूंऽऽ... बुडबुडबुड! पाण्याच्या आत बसून श्वास घेतोय, यावर मनाचा विश्वासच बसेना. वस्तादांनी खुणेने विचारलं, 'ठीक आहे ना?' मी मोठ्या खुशीत अंगठा वर केला.

त्यांनी लगेच माझा दंड धरला आणि मला वर आणलं!

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही! मस्त वाटतंय असं सांगत होतो!"

शेजारी चिऊ हसून लोटपोट. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून सगळी भाषा हाताची. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ केलं की 'ठीक आहे'. पंजा पसरून डावी-उजवीकडे हलवला की 'काहीतरी गडबड आहे'. आणि अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे. त्याचा अर्थ 'वर चला'! ही खूण कुणीही, कधीही करू शकतो. ती दिसली, की सगळ्यांनी वर जायचं. का, कशासाठी, असं पाण्यात विचारायचं नाही.

त्या दिवशीची हसण्यावारी गेलेली फजिती एवढीच नव्हती. दुसरी मी कुणाला सांगितली नाही. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरू द्यायचं आणि नाकातून हवा सोडून ते बाहेर काढायचं, असा एक धडा असतो. चिऊने दुसऱ्याच प्रयत्नात तो केला. माझ्या मात्र नाकात पाणी शिरलं, डोळ्यांपुढे अंधार झाला आणि मी धडपडत वर आलो. तीनदा! घरी गेल्यावर चिऊच्या आईला सांगितलं, "मास्कच खराब होता." चिऊने माझ्याकडे पाहिलं आणि ती गप्प बसली.

चौथ्यांदा जमलं. पण मनात भीती राहिली ती राहिलीच.

निळ्या दारातून आत

११ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. पहाटेच आमची नाव निघाली. मस्कतच्या आग्नेयेला बंदर खैरान नावाची जागा आहे. तपकिरी डोंगरांच्या मधे समुद्राने बोटं घातल्यासारख्या छोट्या छोट्या खाड्या. वारा अडतो, पाणी शांत राहतं, म्हणून शिकणाऱ्यांना इथे आणतात.

नावेच्या काठावर बसायचं, मास्क हाताने दाबून धरायचा आणि पाठीमागे कलंडायचं. धप्प! मग जाकिटातली हवा सोडली, की आपण हळूहळू खाली. दर मीटरभराला नाक दाबून हलकेच फुंकायचं. त्याने नाक-घशातून कानाकडे जाणारी बारीक नळी उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. घाटात गाडी उतरताना कान दडतात ना, तसंच. फक्त इथे ते फार जलद होतं.

आणि मग दिसलं ते जग! वर बोडका डोंगर आणि खाली रंगांची जत्रा. कुठे पोवळ्यांच्या शिंगांसारख्या फांद्या, कुठे कोबीच्या गड्ड्यासारखे गोळे. समुद्रफुलाच्या झुपक्यात लपणारे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश. खडकाच्या बिळातून तोंड उघडं टाकून बघणारी ठिपक्यांची वाम. वाळूत अंग पुरून बसलेलं पाकट. एक माकूळ तर आमच्यासमोरच रंग बदलत मागे मागे सरकलं. कुठून तरी 'कुडूम कुडूम' असा चणे फोडल्यासारखा आवाज येत होता. ते पोपटमासे होते, चोचीसारख्या दातांनी पोवळ्याचा खडक कुरतडणारे! पण आवाज नेमका कुठून येतोय, ते कळेना. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने धावतो. दोन्ही कानांना तो जवळजवळ एकदमच पोचतो, म्हणून दिशा समजत नाही.

चिऊने वेणीला शाळेची लाल रिबीन बांधली होती. खाली गेल्यावर पाहतो तर रिबीन मातकट, काळपट! उजेडातला लाल रंग पाणी सगळ्यांत आधी गिळून टाकतं. वस्तादांनी टॉर्चचा झोत टाकला आणि रिबीन पुन्हा लालभडक झाली. चिऊचे डोळे मास्कमध्ये एवढे मोठे झाले!

त्या दिवशीच्या दुसऱ्या डाइव्हला आम्ही ११ मीटरवर होतो. एकाएकी गार पाण्याचा थर लागला. ओमानच्या समुद्रात असे थर असतात. वर कोमट पाणी आणि एका रेषेखाली गारठा. माझ्या मास्कमध्ये थोडं पाणी आलं. बस्स! तलावातली भीती परत आली. छाती धडधडू लागली. वस्तादांनी विचारलं, 'ठीक?' मी वर्तुळ दाखवलं. ठीक!

साफ खोटं.

वस्तादांनी माझ्या हातांकडे पाहिलंच नाही. ते वर पाहत होते, माझ्या बुडबुड्यांकडे. चिऊचे बुडबुडे एकामागून एक, शांतपणे चालले होते. माझे मात्र उकळत्या आधणासारखे. त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या छातीवर तळवा ठेवून हळू श्वास घेऊन दाखवला. एक... दोन... एक... दोन... मिनिटभरात मी सावरलो. पण टाकीचा काटा पाहतो तर माझी हवा चिऊपेक्षा कितीतरी कमी उरलेली!

नावेवर ते एवढंच म्हणाले, "हात खोटं बोलतात. बुडबुडे नाही."

चिऊचा अंगठा

एकूण चार डाइव्ह पूर्ण कराव्या लागतात. उरलेल्या दोन पुढच्या शुक्रवारी, १८ तारखेला होत्या. त्यानंतर लगेच दिवाळीसाठी आम्ही गावी जाणार होतो. माझा बेत ठरला होता. अप्पांच्या हातात दोघांची कार्डं ठेवायची! ज्या माणसाने भोपळा बांधून मला पाण्यात ढकललं, त्याला सांगायचं, 'बघा, तुमची नातही पाणबुडी झाली!'

बुधवारी चिऊला सर्दी झाली.

गुरुवारी रात्री ती म्हणाली, "बाबा, वस्तादांनी सांगितलंय, सर्दी असेल तर पाण्यात यायचं नाही."

"अगं, एवढीशी तर आहे! सकाळपर्यंत जाईल. उगाच त्यांना सांगत बसू नकोस," मी म्हणालो.

हो दोस्तांनो, मी असं म्हणालो. लिहितानाही लाज वाटते. पण खरं तेच सांगतोय.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्यात उतरलो. तीन मीटरवर चिऊ थांबली. तिने नाक दाबून फुंकलं. थोडी वर गेली. पुन्हा फुंकलं. मग तिने पंजा हलवला आणि कानाकडे बोट दाखवलं. मी काय करावं? मी हाताने खुणावलं, 'ये, ये, थोडंच राहिलंय!'

चिऊने माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. मग वस्तादांकडे वळून तिने अंगठा वर केला.

वर चला.

वस्तादांनी ताबडतोब आम्हा दोघांना वर आणलं. नावेवर चिऊ काही बोलली नाही. शेवटी मीच तोंड उघडलं. "सर्दी होती तिला. न सांगायला मीच सांगितलं होतं."

वस्ताद रागावतील असं वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की सर्दीत ती बारीक नळी सुजते. फुंकलेली हवा कानापर्यंत पोचत नाही. तरीही जबरदस्तीने खाली गेलं, तर कानाचा पडदा फाटू शकतो. आणि पाण्याखाली पडदा फाटला, गार पाणी आत गेलं, तर चक्कर येते, वर कुठे आणि खाली कुठे तेच कळत नाही.

मग ते चिऊकडे वळले. "मी मोठमोठ्या माणसांना शिकवलंय. मासे दाखवणं सोपं आहे. हा अंगठा शिकवणं सगळ्यांत अवघड. तुला तो आला."

नाव परत फिरली. कार्ड राहिलं ते राहिलंच.

अप्पांचा निकाल

गावी पोचलो. संध्याकाळी विहिरीच्या काठावर अप्पा बसले होते. आता पंच्याऐंशीचे झालेत. त्यांनी विचारलं, "काय गं पोरी, समुद्राचा तळ बघितलास म्हणं?"

"थोडा बघितला, आजोबा. पण परीक्षा पुरी नाही झाली. मधेच वर आले. कान दुखत होता."

मी मान खाली घातली. अप्पांनी बराच वेळ विहिरीत पाहिलं. मग म्हणाले, "ह्या हिरीत माझ्या देखत दोन माणसं गेली. दोघंबी पट्टीचे पव्हणारे. ज्याला पव्हता येत न्हाई त्यो काठावरच थांबतो की! बुडतो कोण? ज्याला वर यायची लाज वाटती, त्यो." आणि चिऊच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आलीस नव्हं वर? मग पास झालीस."

त्या रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर मास्कची खरी गोष्ट सांगितली. मास्क खराब नव्हता, मी घाबरलो होतो. चिऊ खो खो हसली. "मला माहीत होतं, बाबा! तोच मास्क नंतर मी लावला होता!"

शेवटच्या दोन डाइव्ह

नोव्हेंबरात मस्कतला परतल्यावर, सर्दी पूर्ण गेल्याची खात्री करून, आम्ही पुन्हा बंदर खैरानला गेलो. या वेळी १६ मीटरपर्यंत उतरलो, म्हणजे पाच मजली इमारतीइतकं! शेवटच्या डाइव्हला माझ्या मास्कमध्ये पुन्हा पाणी आलं. वस्तादांनी विचारलं, 'ठीक?' मी पंजा पसरून हलवला. नाही. गडबड आहे.

सगळे थांबले. चिऊ जवळ आली आणि तिने माझा हात धरला. पाण्यात कुणीही एकटं जात नाही. प्रत्येकाला एक जोडीदार असतो आणि एकाची हवा संपली तर तो दुसऱ्याच्या टाकीतून श्वास घेऊ शकतो. इराणच्या आखातात पूर्वी मोती काढणारे लोक पायाला दगड बांधून, नाकाला चिमटा लावून, श्वास रोखून तळाशी जात. तेव्हाही नावेवर प्रत्येकाचा एक जोडीदार दोरी धरून बसलेला असे. खालून दोरीला हिसका आला, की त्याने ओढून वर घ्यायचं. त्या दिवशी माझी दोरी चिऊच्या हातात होती.

मी डोकं मागे केलं, मास्कची वरची कड दाबली, नाकातून हळू हवा सोडली. पाणी बाहेर. सगळं स्वच्छ!

आणि समोर, दहा-बारा हातांवर, एक कासव पोवळ्याला टेकून बसलं होतं. चिऊचा प्रश्न सुटला. कासव इथे येतं!

वर येतानाही घाई करायची नसते. ५ मीटरवर तीन मिनिटं थांबलो. खोलवर दाबामुळे हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळतो. एकदम वर आलं तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात, आणि ते अंगात होणं फार वाईट. याच कारणासाठी डाइव्ह केल्यावर निदान १८ तास विमानात बसत नाहीत.

काही दिवसांनी कार्डं आली. चिऊच्या कार्डावर 'ज्युनियर' असं लिहिलं होतं. म्हणजे पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत तिने कार्ड असलेल्या मोठ्या माणसाबरोबरच पाण्यात जायचं. कुठल्या माणसाबरोबर, ते सांगायला नकोच. पुढे आम्ही दोघं मस्कतजवळच्या दैमानियत बेटांवरही जाऊन आलो. ती नऊ बेटं १९९६ सालापासून राखीव आहेत, कारण तिथल्या वाळूत कासवं अंडी घालतात. तिथे जायला परवाना लागतो.

तुम्हालाही शिकावंसं वाटतंय? त्यासाठी परदेशीच जायला हवं असं मुळीच नाही. आपल्या तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. पण आधी पोहायला शिका. घरच्यांना सांगा. प्रशिक्षित शिक्षकाशिवाय कधीही टाकी पाठीला बांधू नका. आणि पोवळ्याला हात लावू नका. दगडासारखं दिसलं तरी ते जिवंत असतं.

आणि हो, आई-बाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. मूल अंगठा वर करेल, तेव्हा 'ये, ये, थोडंच राहिलंय' असं म्हणू नका. मी म्हणालो होतो. नशीब, चिऊने माझं ऐकलं नाही!